आंतरधर्मीय काम सामाजिक प्रश्नांपर्यंत खरोखर पोहोचते का?

प्रश्न

सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्या आमच्या गटात निरनिराळ्या धर्मांच्या प्रमुखांना एकत्र बोलावावे, अशी सूचना वारंवार पुढे येते, आणि दर वेळी माझ्या मनात तीच शंका उभी राहते. १८९३ मध्ये शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली, तेव्हापासून अशा सभांचे स्वरूप फारसे बदललेले दिसत नाही. प्रतिनिधी एका व्यासपीठावर येतात, आपला धर्म शांती शिकवतो असे सांगतात आणि सभा संपते. रोगराई, यादवी, स्त्रियांवरील अन्याय यांसारख्या प्रश्नांवर या भेटीगाठींतून प्रत्यक्ष काही घडले आहे का? शिवाय अशा कामात श्रद्धा सोबत आणावी, की ती बाजूला ठेवून केवळ नागरिक म्हणून एकत्र यावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे, परंतु व्यासपीठावरील भाषणांवरून या कामाची पारख करू नये. २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाची साथ पसरली, तेव्हा संसर्गाचे एक मोठे कारण अंत्यविधी हे होते. मृतदेहापासून या विषाणूची लागण अतिशय सहज होते, आणि नातेवाईक तर प्रथेप्रमाणे देहाला स्नान घालीत, स्पर्श करून निरोप देत. सुरुवातीला संरक्षक पोशाखातील पथके येऊन देह प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेत, आणि आपल्या माणसाला कुठे पुरले हे कुटुंबाला कित्येकदा कळतही नसे. त्यामुळे लोक आजारी माणसांना लपवू लागले, चोरून दफन करू लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची कार्यपद्धती जाहीर केली. ती ठरवताना रेड क्रॉसच्या बरोबरीने वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, इस्लामिक रिलीफ, कॅरिटास इंटरनॅशनॅलिस अशा धर्माधिष्ठित संस्थांचाही सल्ला घेण्यात आला होता. मुस्लिम मृतासाठी स्नानाऐवजी तयम्मुम, म्हणजे पाण्याविना केली जाणारी शुद्धी, आणि कफन यांची तरतूद झाली. ते विधी प्रशिक्षित पथकाने करायचे होते. ख्रिस्ती कुटुंबांसाठीही प्रार्थनेला जागा ठेवली गेली. देहाला हात न लावता विधी पुरा होतो, हे आपल्याच धर्मगुरूंकडून ऐकल्यावर लोकांचा विरोध बराच निवळला.

तयम्मुमचा मार्ग विषाणूशास्त्राच्या पुस्तकात सापडला नसता, आणि एखाद्या डॉक्टरने तो सुचवला असता तरी त्याच्या शब्दावर शोकाकुल घरातील माणसांनी विश्वास ठेवला नसता. ईश्वर एक की अनेक, यावर तेथे कोणी वाद घातला नाही. मृताचा मान राखायचा आणि जिवंतांना वाचवायचे, एवढ्याच प्रश्नावर सगळे एकत्र आले होते.

दुसरा प्रतिसाद

वरील उदाहरण मला मान्य आहे, पण त्याची दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. धर्मगुरूच्या शब्दाला वजन असते, म्हणूनच तो शब्द घातकही ठरू शकतो. २००३ मध्ये नायजेरियातील कानो राज्यात काही धार्मिक आणि राजकीय नेत्यांनी पोलिओच्या लशीमुळे वंध्यत्व येते असा संशय पसरवला. तेथील लसीकरण कित्येक महिने बंद राहिले आणि रोग शेजारच्या देशांत पोहोचला. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्च या प्रोटेस्टंट पंथाने वर्णभेदाला अनेक वर्षे धर्मशास्त्राचा आधार पुरवला. तेथे निर्णायक घाव धर्माच्या आतूनच बसला, हे मात्र मोकळेपणाने सांगितले पाहिजे: १९८२ मध्ये रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक महासंघाने वर्णभेदाचे समर्थन हे पाखंड असल्याचे घोषित केले.

माझा खरा आक्षेप प्रतिनिधित्वाबद्दल आहे. धर्मप्रमुख म्हणून ज्यांना बोलावले जाते, ते बहुतेक वेळा वयस्क पुरुष असतात. त्या धर्मातील स्त्रिया, तरुण, सुधारणेची मागणी करणारे, तसेच कोणताही धर्म न मानणारे नागरिक यांना त्या बैठकीत स्थान नसते, आणि मग ज्या विषयांवर सगळ्या धर्मांतील सत्ताधाऱ्यांची सोय एकच असते, तेच विषय चर्चेतून गळतात. वारसाहक्क आणि घटस्फोट ही याची ठळक उदाहरणे होत.

प्रश्नकर्त्याचा उपप्रश्न

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. मग प्रमुखांना टाळून काम करता येते का? तसे केले, तर वस्तीत पाऊल ठेवणेही कठीण होईल, अशी मला धास्ती वाटते.

तिसरा प्रतिसाद

प्रमुखांना टाळण्याची गरज नाही, मात्र सुरुवात त्यांच्यापासून करू नये, असे माझे ठाम मत आहे. लायबेरियातील यादवीच्या काळात तेथील शांतता कार्यकर्त्या लेमा बोवी आणि त्यांच्या सहकारी ख्रिस्ती स्त्रिया शांततेसाठी संघटित होत होत्या, तेव्हा चर्चमधील त्यांच्या मेळाव्यात एका मुस्लिम स्त्रीने उभे राहून आम्हीही येतो, असे जाहीर केले. धर्म निराळे असताना एकत्र कसे काम करायचे, असा संकोच काही जणींना वाटला होता. पण बंदुकीची गोळी धर्म विचारून लागत नाही, हा विचार त्या संकोचापेक्षा बळकट ठरला. २००३ मध्ये त्या पांढरी वस्त्रे नेसून राजधानी मन्‍रोव्हियात भर उन्हापावसात रोज धरणे धरून बसल्या, दोन्ही धर्मांच्या प्रार्थना म्हटल्या आणि आपापल्या धर्मगुरूंनाही शांततेसाठी बोलण्यास भाग पाडले. वाटाघाटी घानामध्ये रेंगाळल्या, तेव्हा त्यांच्यापैकी काही जणींनी तेथे जाऊन सभागृहाची दारे अडवली. ऑगस्टमध्ये करार झाला. त्यामागे इतरही दबाव होते, पण या स्त्रियांना वगळून तो इतिहास सांगता येत नाही. बोवी यांना २०११ चे शांततेचे नोबेल विभागून मिळाले.

श्रद्धा बाजूला ठेवावी का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही मला येथेच दिसते. या स्त्रियांना दिवसामागून दिवस तग धरता आला तो प्रार्थनेच्या बळावर, आणि ती सोडून येण्याची अट कोणी घातली असती, तर कित्येक जणी आल्याच नसत्या. आपली श्रद्धा सोबत असावी. दुसऱ्याने ती मानावी, ही अपेक्षा मात्र नसावी, आणि श्रद्धा नसलेल्यालाही तितकाच बोलण्याचा हक्क असावा.

आपल्या गटापुरते सांगायचे, तर सर्वधर्मीय बैठक बोलावण्याआधी आजाऱ्यांची शुश्रूषा, बाळंतपण आणि मृताची तयारी प्रत्यक्ष कोण करते ते शोधा. त्या बहुधा स्त्रियाच असतील. त्यांच्याशी आधी बोला, अडचण कुठे येते ते त्यांच्याकडून समजून घ्या, आणि मग त्यांना सोबत घेऊनच धर्मप्रमुखांकडे एकच नेमकी मागणी घेऊन जा.