झेनॉन दिवे आणि मागच्या चाकाजवळची दांडी

विषय: समोरचे डिपर मारतात, पण माझा अप्पर बंद आहे!

नमस्कार मंडळी,

बारा वर्षं वापरलेली एक गाडी नुकतीच घेतली. झेनॉन हेडलाइट आहेत, आणि ते आपोआप पातळी सांभाळतात असं विकणाऱ्याने दोनदा सांगितलं होतं. एकटी चालवते तेव्हा काही त्रास नाही. आई-बाबा मागे बसले आणि डिकीत सामान असलं की मात्र समोरून येणारी दर तिसरी गाडी डिपर मारते. डॅशबोर्डवर कुठलाही इशारा नाही. गॅरेजमध्ये सांगितलं, दोन्ही हेडलाइट अख्खे बदला. एवढा मोठा खर्च करण्याआधी विचारावंसं वाटलं. हे नेमकं चालतं कसं? आणि इतक्या जुन्या गाडीत याच्यावर कितपत भरवसा ठेवावा?

---

विषय: उत्तर: समोरचे डिपर मारतात

ताई,

हेडलाइट बदलू नका, निदान आत्ता तरी. माझा जन्म गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झेनॉनच्या बल्बमध्ये तार नसते. काचेच्या छोट्या कुपीत दोन टोकं असतात, त्यांच्यात जेमतेम चार मिलिमीटरची फट. पेटवताना बॅलास्ट नावाचा डबा क्षणभर २०,००० व्होल्टच्या वर दाब देतो, फटीत ठिणगी पडते, आणि मग ३५ वॉटवर ती ज्योत स्थिर राहते. नेहमीचा एच७ हॅलोजन ५५ वॉट खाऊन साधारण १५०० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो, झेनॉन ३५ वॉटमध्ये ३२०० च्या आसपास. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजवर हे दिवे पहिल्यांदा आले. आता दुपटीहून जास्त उजेड समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणूनच युरोपीय नियमात २००० ल्युमेनच्या वरच्या डिप्पर, म्हणजे खालच्या झोताच्या, दिव्यांना आपोआप पातळी राखणं आणि काच धुण्याची सोय, दोन्ही सक्तीचं आहे.

पातळीचा हिशेब एकदा मांडून बघा, म्हणजे तुमचा त्रास लगेच कळेल. डिप्परच्या झोताला वरून सुरीने कापल्यासारखी कड असते. ती साधारण एक टक्का खाली झुकवलेली असते, म्हणजे दर मीटरला एक सेंटीमीटर. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.७ मीटर आहे आणि मागे वजन बसल्यावर गाडीची पाठ ५ सेंटीमीटर दबली. गाडीचं नाक जवळजवळ १.८५ टक्के वर झालं. एक टक्क्याची झुकण त्यात गेली आणि वर ०.८५ टक्के उरले. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर असेल तर ५० मीटरवर ती कड १०७ सेंटीमीटरवर पोचते. छोट्या गाडीच्या चालकाचे डोळे जवळपास तिथेच असतात.

हे होऊ नये म्हणून सस्पेन्शनच्या आर्मजवळ एक सेन्सर असतो. काही गाड्यांत फक्त मागे, काहींत पुढे आणि मागे. सेन्सरला एक छोटा हात, त्या हाताला पेन्सिलीएवढी दांडी, दांडीच्या दोन्ही टोकांना इवलेसे बॉल जॉइंट. पाठ दबली की दांडी हात फिरवते, सेन्सरचा व्होल्टेज बदलतो, कंट्रोल युनिट हिशेब करतं आणि हेडलाइटमधली मोटर झोत खाली आणते. साध्या रचनेत हे वजनापुरतं आणि सावकाश होतं. त्याहून पुढची रचना ब्रेक मारल्यावर, वेग घेतल्यावरसुद्धा सेकंदाच्या काही भागात झोत सावरते.

आता दोन गोष्टी बघून कळवा. गाडी सुरू करून दिवे लावल्यावर झोत आधी खाली जाऊन मग वर येतो का? आणि सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी लावा, कडेच्या जागी भिंतीवर टेप चिकटवा, मग मागे माणसं बसवा. मिनिटभर थांबा आणि कड टेपवर परत येते का ते पाहा.

---

विषय: उत्तर: उत्तर: समोरचे डिपर मारतात

काका म्हणतात ते अगदी मनावर घ्या. आमच्याकडे उलटं झालं होतं. झोत एकदम पुढच्या चाकापाशी पडायचा, रस्ता दिसेनासा झाला. मेकॅनिकने हेडलाइटचा स्क्रू फिरवून झोत वर केला, आम्ही खूश. पुढे तपासणीत कळलं की सेन्सर मेला होता आणि म्हणून यंत्रणेने दिवे मुद्दाम खाली नेले होते. नवा सेन्सर बसवला, त्याने झोत जागेवर आणला, आणि वर ते स्क्रूचे आटे तसेच! दोन आठवडे आम्ही सगळ्यांना आंधळं करत फिरलो. एका रात्री समोरचा माणूस चक्क गाडी कडेला घेऊन थांबला, तेव्हा भिंतीवर बघितलं. अजून आठवलं की वाईट वाटतं.

---

विषय: भिंतीवर पाहिलं

काका,

दिवे लावल्यावर झोत खाली जातो आणि वर येतो, दोन्ही बाजूंनी सारखाच. रिकाम्या गाडीत कड दिव्याच्या उंचीपेक्षा बरोबर ५ सेंटीमीटर खाली होती. आई-बाबांना मागे बसवलं, डिकी भरली. कड ७ सेंटीमीटर वर चढली. मिनिट झालं, पाच मिनिटं झाली, हलली नाही.

मग टॉर्च घेऊन मागच्या चाकाच्या आत डोकावले. दांडी सापडली! खालचं टोक बॉलवरून सुटून लोंबतंय. बॉलवर गंजाचा जाड पापुद्रा. सेन्सरचा हात गंजाने आडवाच धरलाय, बोटाने दाबला तर हलत नाही.

---

विषय: उत्तर: भिंतीवर पाहिलं

ताई, शाब्बास. तुमच्या निरीक्षणातच उत्तर आहे.

मोटर, बॅलास्ट, कंट्रोल युनिट सगळं ठीक आहे, नाहीतर सुरुवातीची ती खाली-वर हालचाल दिसली नसती. सेन्सरचा हात रिकाम्या गाडीच्या जागी अडकलाय, त्यामुळे गाडी सतत रिकामीच आहे असं कंट्रोल युनिटला वाटतंय. व्होल्टेज त्याच्या हिशेबात योग्यच येतंय, मग इशारा कशाला देईल? वायर तुटली असती तर त्याला कळलं असतं, दिवे खाली गेले असते आणि डॅशबोर्डवर खूणही आली असती. अडकलेला सेन्सर मेलेल्यापेक्षा वाईट तो यासाठी.

भरवशाचं विचारलंत. माझ्या पाहण्यात ही यंत्रणा हेडलाइटच्या आत क्वचित बिघडते, गाडीच्या पोटाखाली बिघडते. चिखल, पाणी, रस्त्यावरचं मीठ हे सगळं त्या दांडीवर आणि सेन्सरच्या कनेक्टरवर येऊन बसतं. दरवर्षी टायर काढले जातात तेव्हा दांडी हाताने हलवून बघा, अर्धं मिनिट लागतं. कधी मोटरच्या प्लास्टिकच्या दात्यांची झीज होते, मग एकच दिवा खाली राहतो.

सेन्सर दांडीसकट बदला. टायरची हवा बरोबर करून, रिकामी गाडी सपाट जागी उभी करून डायग्नोस्टिक मशीनने शून्य पातळी पुन्हा शिकवायला सांगा, आणि स्क्रूला हात त्यानंतरच. हा क्रम मोडू देऊ नका. वरच्या मेलमध्ये झालं ते क्रम मोडल्यामुळेच. पुढे कधी स्प्रिंग किंवा सस्पेन्शनचा आर्म बदललात तरी हेच करावं लागेल.

बल्बचं म्हणाल तर दोन-तीन हजार तास धरा. तो एका रात्रीत जात नाही. उजेड कमी होत जातो, रंग निळसर-जांभळ्याकडे सरकतो, शेवटी गुलाबी छटा येते. बदलाल तेव्हा जोडीने बदला, नाहीतर दोन बाजूंचे दोन रंग दिसतात. बॅलास्टला मात्र घरी हात लावू नका, त्या व्होल्टेजशी खेळ नको. आणि हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये झेनॉनचा बल्ब बसवून देणारे भेटतील, त्यांना स्पष्ट नाही म्हणा. त्या आरशाला ही ज्योत कुठे आहे तेच कळत नाही, उजेड चारी दिशांना उधळतो.

बाहेरची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या, नवा बल्ब टाकण्याआधी. नवा सेन्सर बसल्यावर भिंतीवरचा प्रयोग पुन्हा करा. आई-बाबांना परत एकदा मागे बसवा, आणि कड किती वेळात टेपवर येते ते घड्याळ लावून कळवा.