सल्ला हवा: डावखुऱ्या विंगरला यासिर असानीचे कोणते सामने दाखवू?

मंगळवारपेठकर
नमस्कार मंडळी. माझा धाकटा मुलगा 16 वर्षांचा आहे. डावखुरा, पण कोच त्याला उजव्या बाजूला खेळवतात. आत वळायचं आणि डाव्या पायानं मारायचं, एवढंच त्याला नीट येतं. ते मात्र खरंच नीट येतं. गेल्या महिन्यात निवड चाचणीच्या यादीत नाव आलं नाही. तेव्हापासून बूट गॅलरीत पडलेत, चिखल वाळून टणक झालाय. मी मुद्दाम हात लावलेला नाही.

मेस्सी, सालाह दाखवून झाले. "ते वेगळे आहेत गं आई" म्हणतो आणि मोबाइल उलटा ठेवतो. ऑफिसातल्या एकानं अल्बेनियाच्या असानीचं नाव सांगितलं. तोही डावखुरा, तोही उजवीकडून खेळणारा, आणि सत्ताविशीपर्यंत बाहेर फारसा कुणाला माहीत नव्हता म्हणे. शाहू स्टेडियमवर वडिलांचं बोट धरून सामने बघत मोठी झालेय, त्यामुळे खेळ कळतो. तिकडच्या लीगची मात्र काही माहिती नाही.

कोणते सामने दाखवू आणि कुठून सुरुवात करू? आणि खरं सांगा, या पोरानं त्याचा रस्ता बघण्यासारखा आहे का, की मी उगाच आशा लावतेय?

सेंटरहाफ_78
ताई, आधी नाव. इंग्रजीत 'जे'नं लिहितात, पण अल्बेनियन भाषेत त्या अक्षराचा उच्चार 'य' होतो. यासिर. पोराला बरोबर नाव सांगा, नाहीतर पुढे कुणीतरी चूक काढतं आणि त्यांना ते लागतं.

सुरुवात 10 सप्टेंबर 2023 पासून करा. तिराना, अल्बेनिया विरुद्ध पोलंड, युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची, पात्रता फेरी. 37व्या मिनिटाला असानीनं बॉक्सच्या बाहेरून डाव्या पायानं मारलेला बॉल वरच्या कोपऱ्यात गेला. गोलमध्ये श्चेन्स्नी होता, ऐरागैरा नव्हे. अल्बेनिया 2-0 जिंकला आणि तीन दिवसांत पोलंडच्या कोचची, फर्नांडो सांतोसची नोकरी गेली. पुढच्या महिन्यात चेक प्रजासत्ताकाला 3-0 हरवलं, त्यातला पहिला गोल 9व्या मिनिटाला, पुन्हा असानीचाच. अल्बेनिया त्या गटात पहिला आला.

ग्वांगजूकर
जरा सविस्तर लिहितो, कारण हा माणूस मी डोळ्यांनी बघितलाय. दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात संशोधनासाठी होतो.

असानीचा जन्म 1995चा, स्कोपियेचा, म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीचा. तिथं अल्बेनियन लोकांची मोठी वस्ती आहे. तिथल्या वार्दार क्लबमध्ये तो घडला, मग सीमा ओलांडून तिरानाच्या पार्टिझानीकडे गेला. 2018-19 मध्ये पार्टिझानी 26 वर्षांनी लीग जिंकला, त्या संघात तो होता. नंतर स्वीडनमध्ये स्टॉकहोमचा एआयके क्लब. तिथं जम बसला नाही. मग हंगेरीच्या ईशान्य टोकाला किश्वार्दा नावाचं छोटं गाव आहे, तिथला क्लब. आणि 2023च्या सुरुवातीला थेट कोरिया.

ताई, हा क्रम मुलासमोर नकाशावर ठेवा. स्कोपिये, तिराना, स्टॉकहोम, किश्वार्दा, ग्वांगजू. वर चढत जाणारा जिना यात दिसत नाही. युरोपात बसलेला माणूस कोरियाला जातो तेव्हा तिकडचे लोक म्हणतात, संपला आता हा. घडलं उलटं. ग्वांगजू नुकताच दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला, कुठल्या बड्या कंपनीचा नसलेला, शहराच्या पैशावर चालणारा क्लब. कोच ली जंग-ह्यो यांनी त्याला उजवी बाजू दिली. मार्च 2023 मध्ये इंचॉनविरुद्ध 5-0च्या विजयात त्याची हॅट्ट्रिक झाली आणि त्याच महिन्यात अल्बेनियाच्या राष्ट्रीय संघाकडून तो पहिला सामना खेळला. 27 वर्षं पूर्ण झालेली होती. मोसम संपला तेव्हा ग्वांगजू लीगमध्ये तिसरा!

माझं मत यावरूनच झालंय. विंगरला मोठा क्लब कमी आणि त्याला त्याच्या जागी उभा करणारा कोच जास्त लागतो. ज्याचा एकच पाय चालतो त्याचं तर सगळं यावरच अवलंबून. दुसऱ्या बाजूला टाकला की तो अर्धा होतो.

आता सामना. 17 सप्टेंबर 2024, आशियाई चॅम्पियन्स लीग एलिट, ग्वांगजू विरुद्ध जपानचा योकोहामा एफ. मारिनोस. त्या दिवशी कोरियात छुसोक, सुगीचा सण, आणि आपल्याकडे अनंत चतुर्दशी. लॅब बंद, रस्ते ओस. घरून व्हिडिओ कॉलवर मिरवणुकीचे ढोल चालू होते आणि मी एका हातात फोन घेऊन स्टेडियमच्या पायऱ्या चढत होतो. वर्ल्ड कप स्टेडियम आहे ते, 2002 मध्ये कोरियानं स्पेनला पेनल्टीवर हरवलं तेच. मैदानाभोवती धावपट्टी असल्यामुळे खेळाडू लांब दिसतात. तरी असानी पाठमोराही ओळखू येत होता. बॉल यायच्या आधी तो साइडलाइनला अगदी चिकटून उभा राहायचा, टाच पांढऱ्या रेषेवर, आणि समोरचा बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, त्याच्याकडे ओढला गेला की मधली गल्ली उघडायची. 7-3 जिंकलो. त्याची हॅट्ट्रिक.

तो हॅट्ट्रिकवाला माणूस त्या वर्षी लीगमध्ये मोसमाच्या पहिल्या भागात बहुतेक वेळ संघाबाहेरच होता. युरोला जाऊन आला तेव्हाही क्लबमध्ये त्याची जागा पक्की नव्हती. यादीत नाव नसणं काय असतं ते त्याला 29व्या वर्षीही बघावं लागलं. मुलाला हे आवर्जून सांगा.

मडगावकार
ग्वांगजूकर, फार सुंदर लिहिलंत. त्यात एक भर. त्या स्पर्धेतला जपानच्या व्हिसेल कोबेविरुद्धचा परतीचा सामना, 12 मार्च 2025, दाखवायलाच हवा. पहिला सामना ग्वांगजू 2-0 हरून आलेला. घरी एक गोल लवकर मिळाला, मग 85व्या मिनिटाला असानीची पेनल्टी, दोन्ही सामने मिळून बरोबरी, जादा वेळ, आणि 118व्या मिनिटाला त्याच डाव्या पायाचा गोल. 118व्या मिनिटाला पायात काय उरतं ते खेळलेल्यालाच कळेल.

लाल_काळा_गरुड
माझं मत थोडं वेगळं आहे. असानी बघा, जरूर बघा, पण 16 वर्षांच्या मुलासाठी अल्बेनियाचाच मिर्तो उझुनी जास्त उपयोगाचा. बेरातचा मुलगा, वय असानीएवढंच, दोघेही मे 1995चे. अल्बेनियातल्या छोट्या क्लबांतून क्रोएशियाचा लोकोमोतिव्हा झाग्रेब, तिथून हंगेरीचा फेरेंत्सवारोश, मग स्पेनमध्ये ग्रनाडा. विंगर म्हणून घडलेला हा माणूस पुढे गोलसमोर खेळायला लागला. 2022-23 मध्ये स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत 23 गोल, सगळ्यांत जास्त, आणि ग्रनाडा विजेता होऊन वर गेला. 2025 पासून अमेरिकेत ऑस्टिनकडे आहे.

ग्वांगजूकर म्हणतात आपली जागा सोडू नये. उझुनीनं जागा बदलली म्हणून तो पुढे गेला. 16व्या वर्षी "मला एवढंच येतं" हे वाक्य आईनं पटकन मान्य करू नये, असं मला मनापासून वाटतं.

ग्वांगजूकर
तुमचं बरोबर आहे, 16व्या वर्षी दोन्ही पाय तयार करायलाच हवेत. फक्त तो आत्ता नाराज आहे. त्याला आज जे येतं त्याचंच मोल दाखवा, उजवा पाय पुढच्या महिन्यात.

पासवाला
खेळाबद्दल जाणकारांनी लिहिलंच आहे. मी कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण आमच्या घरात यात पोळलोय.

माझा भाचा 16चा असताना एका माणसानं "युरोपात ट्रायल, तिथंच करार" म्हणून आगाऊ पैसे मागितले. बहिणीनं बांगड्या मोडून दिले. पोरगं तीन आठवडे एका वसतिगृहात राहून परत आलं. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की फिफाच्या नियमानं 18 वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी, मोजके अपवाद सोडले तर, होतच नाही. ताई, निवडीत नाव न आलेल्या पोरांच्या घरी असेच फोन येतात. कुणी असं बोललं तर दार लावून घ्या.

दुसरं, मुलाची आपल्या फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस प्रणालीत, म्हणजे खेळाडूंच्या नोंदवहीत, नोंद आहे का आणि प्रत्येक मोसमाचा क्लब बरोबर लागलाय का, ते तपासा. याचं महत्त्व असानीच्याच प्रकरणातून कळतं. खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की त्या रकमेतले 5 टक्के, तो 12 ते 23 वर्षांचा असताना त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. असानीला घेतल्यावर हा हिस्सा ग्वांगजूनं वेळेत भरला नाही. रक्कम सुमारे 3,000 डॉलर. एवढ्याशा रकमेपायी फिफानं डिसेंबर 2024 मध्ये क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घातली. क्लबमध्ये ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही, हिवाळ्यात नवे खेळाडू घेतले, खेळवले, आणि मे 2025 मध्ये सगळं उघड झाल्यावर कोरियात मोठा गदारोळ झाला.

म्हणजे पोरगं आज ज्या तालमीच्या, ज्या अकादमीच्या मैदानावर पळतंय त्यांचंही त्याच्या उद्यावर देणं असतं, आणि ते फक्त नोंदीवरून ठरतं.

मंगळवारपेठकर
सगळ्यांचे मनापासून आभार. पासवाला दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. खरंच एक फोन येऊन गेलाय. आज नंबर बंद करून टाकते. सीआरएसचं उद्या क्लबच्या सेक्रेटरींना विचारते.

एक शंका. ग्वांगजू पुढे सौदीच्या अल हिलालकडून 7-0 हरला असं वाचलं. तो सामना लपवू का?

नेरूळ_पूर्व
लपवू नका. 25 एप्रिल 2025, जेद्दा, उपांत्यपूर्व फेरी. दाखवा आणि शेवटपर्यंत दाखवा. हाच अल हिलाल 6 नोव्हेंबर 2023ला आमच्या डी. वाय. पाटीलवर मुंबई सिटीशी खेळून गेला, मी गोलच्या मागे बसलो होतो. 2-0 हा आकडा लहान वाटतो, पण ते ज्या वेगानं बॉल फिरवत होते तो टीव्हीवर कळत नाही. आमच्या बॅकच्या तोंडून फेस यायचा बाकी होता. अशा संघाकडून सात खाल्लेला माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा सरावाला जातो, हे मुलानं बघावं. असानी त्याच ऑगस्टमध्ये तेहरानच्या एस्तेगलालकडे गेला. सहावा देश.

सेंटरहाफ_78
सहमत, पण तो शेवटी. क्रम असा ठेवा: पोलंड, मग युरो 2024चा क्रोएशियाचा सामना, मग कोबे, मग जेद्दा. योकोहामा सुट्टीच्या दिवशी.

क्रोएशियाचा सामना मी दुसरा का ठेवतो ते सांगतो. 19 जून 2024, हॅम्बुर्ग. 11व्या मिनिटाला असानीनं उजवीकडून, डाव्या पायानं, गोलकडे वळत जाणारा क्रॉस टाकला आणि अल्बेनियाच्याच काझिम लाचीनं धावत येऊन हेडर मारून गोल केला. डावखुरा उजवीकडे उभा असला की बॅकला वाटतं हा आत येऊन मारणार. इथं मारला नाही, दिला. तुमच्या मुलाला मारता येतं म्हणताय, हा चेंडू त्याला येतो का बघा. सामना 2-2 सुटला, अल्बेनियाची बरोबरी 90 मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला, ग्यासुलानं केली. त्यानं आधी स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घातला होता. तोही भाग कापू नका.

मंगळवारपेठकर
काल रात्री जेवणं झाल्यावर क्रोएशियाचा लावला. पोलंडचा त्यानं आधीच मोबाइलवर बघून टाकला होता, मला न सांगता. लाचीचा गोल झाल्यावर माझ्या हातून रिमोट घेतला आणि चार वेळा मागे नेला. मी म्हटलं, क्रॉस बघ ना किती सुंदर. तर म्हणाला, "आई, क्रॉस नाही गं, असानीच्या मागे उभा आहे तो बॅक बघतोय. तो कुठं थांबतो म्हणून याला एवढी जागा मिळते?" आमच्या संघात म्हणे बॅक मागून वर येतच नाही, हा एकटाच दोघांत अडकतो.

बूट अजून गॅलरीतच आहेत. पण तो बॅक कोण, ते मला सांगता आलं नाही. आज संध्याकाळपर्यंत सांगायचं कबूल केलंय.

ग्वांगजूकर
एल्सेइद हिसाय, ताई. अल्बेनियातल्या श्कोदरचा. एम्पोली, नापोली, लॅझिओ असा इटलीत खेळत आलाय. त्याच्यासाठी नापोलीचे जुने सामने काढा, सारी कोच होता त्या काळातले. तिथं तो फारसा वर जात नाही. कधी जातो आणि कधी थांबतो, तेच बघायला सांगा त्याला. आणि जमलं तर त्याच्या संघातल्या बॅकलाही एखाद्या रात्री जेवायला बोलवा, दोघं एकत्र बघतील.