मराठी लिहायला घेतलं आणि कीबोर्ड इंग्रजीतच राहिला : तुमचे अनुभव सांगा

मुक्ता_ल
परवा बाबांचा जुना कॉम्प्युटर देऊन टाकायचा म्हणून एकेक फाईल बघत बसले होते. 'टिपणे' नावाच्या फोल्डरमध्ये वर्डची एक फाईल सापडली. उघडली तर पानभर रोमन अक्षरं, कशाचा कशाला मेळ नाही. फाईल खराब झाली असं समजून पुसणारच होते, तेवढ्यात सुरुवातीच्या पाच ओळींवर नजर गेली. पाचही ओळींत एकच शब्द : व्हीसीएमडीकेईजे.

बाबा लिहायला बसले की बोटं मोकळी व्हावीत म्हणून आधी पाच वेळा 'नमस्कार' लिहायचे. व्हीवर न, सीवर म, एमवर स, डीने पाय मोडायचा, केवर क, ईवर काना, जेवर र. अंगावर काटा आला माझ्या.

निवृत्तीनंतर ते इन्स्क्रिप्ट शिकले, म्हणजे मराठी टाइप करायची कीबोर्ड मांडणी. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावलेले. मान खाली, डोळे कळांवर, एक बोट. डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट दाबलं की भाषा बदलते हे पाठ होतं, पण कधी ते नीट दाबलं जायचं नाही, कधी दोनदा दाबलं जायचं आणि गाडी परत इंग्रजीवर. पान संपलं की मान वर, आणि मग "अगं, हे बघ काय झालं!" अशी हाक. मी कामात असले की वैतागून म्हणायचे, "बाबा, आधी खाली कोपऱ्यात बघत जा ना."

आता एकेक कळ लावून ते पान वाचतेय. 'भाषा' हा शब्द बऱ्याचदा आलाय. वाय, ई, मग गणितातलं 'पेक्षा लहान'चं चिन्ह, परत ई. त्या चिन्हावरून ष ओळखला आणि पुढचं सुटत गेलं. पण दोन शब्द काही केल्या लागत नाहीत : 'णग' आणि 'णुलीला'. दोन्ही वाक्याच्या सुरुवातीला आहेत. कुणाला काही सुचतंय का?

आणि तुमचेही असे अनुभव असतील तर लिहा. वाचायला आवडेल.

सायली०९
बाप रे मुक्ता. पुसली नाहीस ते किती बरं केलंस.

माझं पासवर्डचं. नवी नोकरी, तिसरा दिवस. सकाळी मराठीत एक पत्र लिहून पाठवलं आणि लगेच कामाच्या प्रणालीत शिरायला गेले. पासवर्डच्या जागी नुसते काळे ठिपके, त्यामुळे आपण कुठल्या भाषेत टाइप करतोय हे कळतच नाही. तीन वेळा चुकला, खातं बंद. ते उघडून मिळेपर्यंत दुपार झाली. रडायला आलं होतं अगदी. तेव्हापासून पासवर्ड आधी नावाच्या चौकटीत दोन अक्षरं लिहून बघते, मग पुसून खाली टाकते.

बाकीचं रात्री लिहिते, दार वाजतंय

पाऊलखुणा
+१ सायली. पत्त्याच्या पट्टीत तीनदा डब्ल्यू दाबलं की ठिपक्यांच्या गोलावर दोन मात्रा, असे तीन गोल. रोज एकदा तरी.

विसूकाका
मुक्ताताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगायला हवा होता असं वाटलं. या वयात एका बोटाने का होईना, पण इन्स्क्रिप्ट शिकणं सोपं नाही.

मी मूळचा टाइपरायटरवाला. मराठी टंकलेखनाची ३० आणि ४० ची परीक्षा पास. नंतर बरीच वर्षं छपाईची कामं केली. तेव्हा भाषा बदलणं हा प्रकारच नव्हता, फॉन्ट बदलायचा. कृतिदेव म्हणा, श्रीलिपी म्हणा, कॉम्प्युटरच्या लेखी आतली अक्षरं इंग्रजीच असायची, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा द्यायचा. एकदा एका आमंत्रणपत्रिकेची फाईल दुसऱ्या ठिकाणी उघडली, तिथे तो फॉन्ट नव्हता. ताईंच्या पानासारखंच दिसत होतं सगळं. गिऱ्हाईक शेजारी उभं आणि संध्याकाळी छपाई.

युनिकोडवर, म्हणजे मराठी अक्षरांना कॉम्प्युटरमध्ये स्वतःची ओळख देणाऱ्या पद्धतीवर, आल्यावर खरी पंचाईत झाली ती बोटांची. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी, अक्षर नंतर. इन्स्क्रिप्टमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी, आपण बोलतो तसं. शिवाय टाइपरायटरवर अर्धा ग काढून त्याला काना जोडला की पूर्ण ग व्हायचा. २५ वर्षांची सवय. डोक्याला पटलं होतं, बोटांना पटत नव्हतं. सहा महिने 'किती' लिहिताना वेलांटी हवेत लटकायची. आता मात्र डोळे मिटून लिहितो.

जोडाक्षर
मुक्ता, सापडलं बहुतेक!

इन्स्क्रिप्टमध्ये नुसत्या सीवर म आणि शिफ्ट धरून सीवर ण. बाबांनी पूर्णविराम दिला, पुढचं वाक्य म ने सुरू केलं. पण कीबोर्ड इंग्रजीत होता. वर्डला वाटलं इंग्रजी वाक्य सुरू झालं, म्हणून त्याने पहिलं अक्षर आपणहून मोठं केलं. लहान सीचा मोठा सी झाला, म्हणजे म चा ण.

'णग' म्हणजे 'मग'. दुसरा शब्द तूच लाव.

ज्या वाक्यांची सुरुवात शिफ्टच्या अक्षराने आहे (भ, ख, घ, श वगैरे) ती आपसूक बरोबर येतील, कारण तिथे मोठं अक्षर आधीच होतं. बाकी वाक्यांचं पहिलं अक्षर तेवढं शिफ्ट काढून वाच.

मुक्ता_ल
जोडाक्षर... थांबा जरा. लिहिते.

पाऊलखुणा
वा जोडाक्षर, काय पकडलंय!

रात्रपाळी
आमच्या कामात इन्स्क्रिप्टचा च फार छळतो. अर्धविरामाच्या कळीवर च आहे ना. कोड लिहिताना प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो. ओळ लिहिली, काही शोधायला दुसरीकडे गेलो, मित्राला मराठीत निरोप लिहिला, परत आलो, अर्धविराम दिला. ओळीच्या शेवटी ठामपणे 'च'. प्रोग्राम चालेना. रात्रीचे २ वाजलेले, डोळ्यांना तो च दिसतच नव्हता.

माझ्या बाबतीत आणखी एक कारण निघालं. मी वापरतो त्या एडिटरमध्ये ओळीची नक्कल करायला ऑल्ट, शिफ्ट आणि खालचा बाण दाबतात. बोट बाणावर जरा उशिरा पोचलं की विंडोजला नुसतं ऑल्ट-शिफ्टच दिसतं आणि भाषा बदलते. ज्यांची भाषा 'आपोआप' बदलते त्यांनी हे तपासा. कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये भाषा बदलायच्या कळांची जागा आहे, तिथे ऑल्ट-शिफ्ट काढून टाकता येतं. विंडोज-स्पेस तरीही चालतं, विंडोज ८ पासून आहे ते. यादी डोळ्यांसमोर उघडते, त्यामुळे कुठल्या भाषेत उतरतोय ते दिसतं. मुक्ताच्या बाबांना हेच सोपं गेलं असतं असं राहून राहून वाटतंय.

कुंदा
माझं जरा वेगळंच आहे, इथे विचारलं तर चालेल ना? मराठी व्यवस्थित येतं, बिघडतं ते इंग्रजी. ईमेल पत्त्यातलं ॲट लिहायला गेलं की दुहेरी अवतरणचिन्ह येतं. आठवडा झाला. दुसरीकडून ते चिन्ह उचलून आणून चिकटवते आहे. कीबोर्ड बिघडला असेल तर नवीन घ्यावा लागेल का?

अर्धचंद्र
कुंदाने 'ॲट' किती छान लिहिलंय, नीट चंद्रवाला ॲ! हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं, ५.१ आवृत्तीत. त्याआधीचं जुनं लिखाण बघा, अ लिहून त्यावर वेगळा चंद्र ठेवलेला असतो. दिसायला बहुतेक सारखंच, पण आत एकाऐवजी दोन चिन्हं. त्यामुळे शोधताना घोळ होतो. मी एक शब्दसूची करत होते, त्यात 'ॲ'चे शब्द दोन ठिकाणी विखुरले गेले आणि कारण कळायला चार दिवस लागले.

विषयाला सोडून झालं, पण सांगावंसं वाटलं.

तिसरी_खिडकी
मग ऱ्या पण घ्या. दऱ्या, सुऱ्या, दुसऱ्या. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जेवर ऱ, मग डी, मग य. हे कळेपर्यंत मी 'दुसर्या' असंच लिहीत होते आणि प्रत्येक वेळी मनाला लागायचं. आपल्या भाषेत 'आचार्य'चा रफार वेगळा आणि 'दऱ्या'तला र वेगळा, तो वेगळाच दिसायला हवा.

आता अनुभव. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही, त्यामुळे कॉम्प्युटरवर इंग्रजी धरून तीन भाषा. ऑल्ट-शिफ्ट दाबताना मोजून दाबावं लागतं. एकदा सासूबाईंना लांबलचक मराठी पत्र लिहिलं आणि वर पाहिलं तर सगळं कन्नड लिपीत! पण गंमत म्हणजे ते वाचता येत होतं. शब्द मराठी, लिपी कन्नड. इन्स्क्रिप्टमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांची मांडणी एकच ठेवली आहे, क सगळीकडे केवर, त सगळीकडे एलवर, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. १९९१ च्या भारतीय मानकातच आहे ते. सासूबाई कन्नड लिपी उत्तम वाचतात, पत्र तसंच पाठवलं. त्यांनी मोठ्यांदा वाचून दाखवलं फोनवर. इतकं सुंदर वाटलं ऐकताना!

सायली०९
तिसरी_खिडकी, किती गोड आहे हे

निशिगंध
फोनवरून लिहितेय, घाईत. फोनवर तर स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते, कधी गोल पृथ्वीचं चिन्ह असतं. मला इन्स्क्रिप्ट जमलं नाही हो. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आलंय, बोलायचं तसं इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि मराठी उमटतं. तेच वापरते. पण मराठी लिहिताना डोक्यात इंग्रजी स्पेलिंग यायला लागलं, हे मला खुपतं. इन्स्क्रिप्टवाल्यांचा म्हणून हेवा वाटतो

विसूकाका
निशिगंध, १५ दिवस रोज अर्धा तास द्या, येईल. स्टिकर मात्र लावू नका, मान वरच राहू दे. (मुक्ताताई, राग मानू नका.)

कुंदाताई, नवीन कीबोर्ड घेऊ नका. तुमच्याकडे इंग्रजीची ब्रिटिश मांडणी आली आहे. तीत आकडा २ वर शिफ्ट दाबलं की अवतरणचिन्ह येतं आणि ॲटचं चिन्ह उजवीकडे, एंटरच्या जवळच्या कळीवर जातं. भाषांच्या यादीत जाऊन इंग्रजीखाली बघा. ब्रिटिश असेल तर ती काढा आणि अमेरिकन किंवा भारतीय ठेवा. आधी नवीन घाला, मग जुनी काढा.

रात्रपाळी
काका बरोबर. आणि तुम्ही इन्स्क्रिप्टवाले प्रश्नचिन्ह कसं लिहिता? माझ्याकडच्या मांडणीत त्या कळीवर नुक्तावाला य़ येतो. अवतरणचिन्हाच्या कळीवर ट. म्हणजे कुणाला काही विचारायचं तर एका चिन्हासाठी इंग्रजीत जा, परत या.

विसूकाका
तसंच करतो. वाक्य पूर्ण लिहितो, विंडोज-स्पेस, प्रश्नचिन्ह, परत विंडोज-स्पेस. आता हाताला वळण पडलंय. वर्डमध्ये मात्र मोठ्या लिखाणात प्रश्नचिन्हाऐवजी एक ठरावीक खूण टाकत जातो आणि शेवटी एकदम बदलून घेतो.

जोडाक्षर
मॅक असेल तर कॅप्स लॉकने भाषा बदलायची सोय आहे, एकच कळ. दोन कळांचा खेळ ज्यांना जड जातो त्यांना फार उपयोगी. माझ्या आईला तेच करून दिलंय. विंडोजवर प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा लक्षात ठेवायची सोय आहे, प्रगत सेटिंगमध्येच. वर्डमध्ये मराठी, ब्राउझरमध्ये इंग्रजी, एकाचा दुसऱ्याला त्रास नाही. सायली, तुझ्या पासवर्डच्या घोळाला हे कर.

सायली०९
केलं आत्ताच! आभार

मुक्ता_ल
झालं वाचून. काल रात्रीच झालं होतं, पण लिहवत नव्हतं.

पान असं आहे. पाच वेळा नमस्कार, आणि त्याखाली :

"भाषा बदलली का ते आधी बघणे. खाली उजवीकडे. मग लिहिणे. भाषा बदलत नसल्यास दोन्ही कळा सोडून पुन्हा दाबणे, घाई करू नये. मुलीला सारखे बोलावू नये, तिला काम असते."

हे सगळं इंग्रजी कीबोर्डवर. मान वर करून पाहिलं असेल तेव्हा त्यांना कळलंच असेल काय झालंय ते. पण मला हाक मारली नाही. तसंच ठेवून दिलं.

पाऊलखुणा
मुक्ता

सायली०९
काय लिहू. मिठी.

विसूकाका
ताई, ते पान जसं आहे तसंच छापून ठेवा, आणि शेजारी वाचलेलं. दोन्ही एका कागदावर. आणि फाईलची एक प्रत दुसरीकडे आजच ठेवा.

मुक्ता_ल
हो काका. प्रत ठेवली. आणि वर्डला मोठं अक्षर करू नकोस म्हणून सांगून ठेवलं, चुकून काही टाइप झालं तर आणखी बिघडवायला नको.

तिसरी_खिडकी
स्टिकर आहेत का अजून कळांवर?

मुक्ता_ल
आहेत. ईवरचा काना मात्र पार पुसून गेलाय, नुसता पांढरा चौकोन राहिलाय. त्याच्याखालोखाल जेवरचा र. ळ अगदी नवा कोरा आहे. आधी वाटलं ळ कमी लागत असेल, मग आठवलं, बाबांना शिफ्ट धरून ठेवायला जमायचं नाही, म्हणून ते कॅप्स लॉक लावायचे आणि ते चाललं नाही की ळ ऐवजी ल वरच भागवायचे. पहिल्या काळातल्या सगळ्या टिपणांत 'सकाल' आणि 'वेल'. नंतरच्यांत ळ नीट आलाय.

निशिगंध
म्हणजे शिकले ना ते शेवटी! आजपासून सुरू करते मी पण इन्स्क्रिप्ट. ळ पासूनच

कुंदा
काका!! ब्रिटिशच होतं. कधी आलं देव जाणे. काढलं, ॲट जागेवर आलं. पण आता ते कोपऱ्यात इंग्रजी दोनदा दिसतंय, ते कसं काढायचं?

विसूकाका
दोनदा म्हणजे एक अमेरिकन आणि एक भारतीय असेल. एक ठेवा. मराठीला मात्र हात लावू नका.