मदत हवी आहे: कोरफडीच्या तेलाला वास येतोय, रविवारच्या आत सांगा

समुद्रकाठची_सून, गुरुवार, दुपारी ३.४०
दोन लिटर घाण्याचं खोबरेल गेलंय यात, म्हणून घाईने लिहितेय. घरी कोरफडीचं तेल केलं. चार दिवस छान होतं. आज झाकण काढलं तर आंबूस वास, तळाला पांढरट गाळ आणि बरणीच्या गळ्याशी हिरवे-काळे ठिपके. वास कसा घालवायचा? कापूर टाकून चालेल का? रविवारी नणंद ठाण्याहून येतेय. तिचे केस गळतात आणि भाचीला मुरुमं आहेत, म्हणून मुद्दाम फोन करून सांगितलेलं काम आहे. 'विकतचं आणा' हा सल्ला कृपया नको.

निवांत_देवगड, ३.५५
थिजलंय ते. खोबरेल २४ अंशांच्या खाली गेलं की थिजतं. बरणी कोमट पाण्यात ठेवा, मोकळं होईल.

समुद्रकाठची_सून, ४.०२
जूनमध्ये? गुहागरला आहे हो मी. घामाने पदर भिजलाय. थिजलेलं तेल ओळखता येतं मला.

घाणावाला, ४.१०
ताई, किती वेळ कढवलंत?

समुद्रकाठची_सून, ४.२६
कढवायचं असतं? मी व्हिडिओत बघून केलं. पान मिक्सरला फिरवायचं, तेलात घालायचं, जरा गरम करून आठ दिवस उन्हात ठेवायचं. ऊन कुठलं, मृग लागलाय, म्हणून फ्रिजच्या मागे ठेवलं. तिथे ऊब असते.

घाणावाला, ४.३१
झालं कल्याण. गरातलं सगळं पाणी तेलात तसंच राहिलं. तेलात पाणी म्हणजे चार दिवसांत वास. आमच्या घाण्यावर लोक ओलसर खोबरं घेऊन येतात तेव्हा मी परत पाठवतो ते याच कारणाने. करकरीत वाळलेल्या खोबऱ्यात साधारण ६५ टक्के तेल निघतं आणि ते वर्षभर टिकतं. ओलं आणलंत तर तेलही कमी आणि पंधरा दिवसांत खवट. बाकी घाणा लाकडीच हवा, लोखंडी एक्सपेलरचं तेल तापतं.

मी_पामर, ४.४०
लाकडी घाण्याचा दर काय चाललाय सध्या तुमच्याकडे?

घाणावाला, ४.४२
खोबरं तुमचं की आमचं?

आजीचा_बटवा, ५.०५
अहो दर काय विचारताय, तिचं तेल नासलंय. सूनबाई, असं लोणच्यासारखं मुरत घालून तेल होत नसतं. तैलपाक करायचा. माप ठरलेलं आहे: कल्क (म्हणजे वाटून केलेला गोळा) १ भाग, तेल ४ भाग, रस १६ भाग. मंद आचेवर रस पूर्ण आटेपर्यंत ढवळत बसायचं, दोन दिवस लागले तरी चालतील. झालं का ते कळायला खालचा गाळ बोटांत घेऊन वळायचा, त्याची वात वळली पाहिजे. ती विस्तवावर धरली की तडतडता कामा नये. तडतडली तर पाणी आहे. तुपाचा फेस बसला की तूप झालं, तेलाचं उलट, फेस आला की तेल झालं. आमच्या सासूबाई श्रावणाआधी असं माक्याचं तेल करायच्या, पूर्ण आळीला वास कळायचा.

रसायनवाला, ५.३०
बटवाताई, एक शंका. कोरफडीच्या गरात ९८-९९ टक्के पाणीच असतं. उरलेला एखाद टक्का, ज्यासाठी आपण कोरफड लावतो, तो पाण्यात विरघळणारा. तेलात तो उतरत नाही. तुम्ही पाणी दोन दिवस आटवलंत तर मागे राहिलं काय? कोरफडीच्या पानात तिळासारखं, खोबऱ्यासारखं तेल नसतंच. बाजारात 'अ‍ॅलोवेरा ऑइल' म्हणून मिळतं ते दुसऱ्याच कुठल्या तरी तेलात पान मुरवलेलं असतं. केसांना गुण येतो तो खोबरेलाचा.

आजीचा_बटवा, ५.३८
गुण येतो ना? मग झालं तर.

रसायनवाला, ५.४१
मग कोरफडीला कशाला शिजवता?

आजीचा_बटवा, ५.४४
तुम्ही केस किती राखून आहात ते सांगा आधी.

रसायनवाला, ५.४५
ते आनुवंशिक आहे.

समुद्रकाठची_सून, ६.१५
लाईट गेली होती. भांडण नंतर करा हो. आता उकळून पाणी आटवलं तर वाचेल का तेल?

रसायनवाला, ६.२२
नाही. हिरवे-काळे ठिपके म्हणजे बुरशी. बुरशी उकळून मरेल, पण तिने तेलात सोडलेलं सगळं उष्णतेने जाईल असं नाही. कापराने फक्त नाकाची फसवणूक होईल. मुरुमांवर तर हे अजिबात नको, आणि खोबरेल चांगलं असलं तरी मुरुमांवर नकोच, छिद्रं बुजतात. नणंदेला कोंडा आहे का? कोंड्याची बुरशी टाळूच्या तेलावरच जगते. तिला आणखी तेल घालून काय साधणार?

समुद्रकाठची_सून, ६.३०
कोंडा माहीत नाही. विचारलं तर राग येईल तिला.

सकाळी_रिकाम्यापोटी, ६.४८
कोरफडीचा रस रोज ३० मिली घ्या, आतून शुद्धी झाली की केस आपोआप. मी दोन वर्षं घेतोय. पोट तर असं साफ होतं की विचारू नका.

रसायनवाला, ६.५५
विचारलं कोणी? पोट साफ होतं ते सालीखालच्या पिवळ्या चिकाने. तोच वाळवला की काळाबोळ. अमेरिकेत २००२ साली कोरफडीची रेचकं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आली. गरोदर बाईने तर त्याच्या वाटेला जाऊ नये. वाचणारं कोणी असेल म्हणून लिहितोय.

घाणावाला, ७.१०
ताई, गाळलंत कशातून? फडक्यातून की चहाच्या गाळणीतून? अजून पाणी किती असेल याचा अंदाज येईल.

समुद्रकाठची_सून, ७.२१
फडक्यातून. पण नीट पिळता आलं नाही. दोरे दोरे निघत होते, मिक्सरच्या पात्याला गुंडाळले, ते काढताना हाताला खाज सुटली ती कोपरापर्यंत. अजून पुरळ आहे. ते राहू दे. म्हणजे टाकूनच द्यायचं का सगळं?

आजीचा_बटवा, ७.२८
तो पिवळा चीक लागला असेल. पान कापल्यावर अर्धा तास उभं ठेवायचं असतं, चीक निथळून जातो. मग धुऊन सोलायचं. आमच्याकडे पोरांना खोकला झाला की कोरफड भाजून तिचा रस मधातून द्यायचे, त्यालाही आधी चीक काढूनच.

मी_पामर, ७.३३
भाजलेल्या कोरफडीची चव मला अजून आठवते. आजीने नाक दाबून पाजली होती. त्यानंतर खोकला लपवायला शिकलो.

वेंगुर्लेकार, ७.५०
अगो ताय, कोरफडीक दोर खयचे गो? कोरफडीचो गर बुळबुळीत, चमच्यान काढलो तर येता. दोर निघतत ते घायपाताचे. पानाच्या टोकाक दाभणासारखो काटो असा काय बघ. झाड खय होता, गडग्यार?

समुद्रकाठची_सून, ८.०५
हो, आगराच्या गडग्यावर आहेत, जुनी, मोठी. टोकाला काटा आहे, कापताना बोटाला लागलाही. पण सगळे कोरफडच म्हणतात की. म्हणजे मी म्हणते. सासूबाईंना विचारलं नाही, त्या चिपळूणला होत्या.

वेंगुर्लेकार, ८.०९
त्येका कधी उंच दांडो इलेलो?

समुद्रकाठची_सून, ८.१४
दोन वर्षांमागे एकाला आला होता, पार कौलांच्या वर. मग ते झाड वाळून गेलं.

वेंगुर्लेकार, ८.१५
घायपात. संपला.

माणदेशी, ८.२०
आमच्याकडं याला केकताड म्हणतात. दोर वळायचे याचे, बैलाच्या कासऱ्यासाठी. पानं पाण्यात कुजवून, बडवून वाख काढायचे, ते काम करणाऱ्यांचे हात बघायला पाहिजे होते तुम्ही. डोक्याला लावायला म्हणून कुणी केल्याचं मात्र पहिल्यांदा ऐकतोय.

रसायनवाला, ८.३२
माझं चुकलं, दोरे म्हटल्यावर तिथेच थांबायला हवं होतं. ताई, घायपाताच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात. अळू, सुरण खाजतात ते याच सुयांमुळे. त्या तेलात विरघळत नाहीत आणि कढवून जात नाहीत. म्हणजे तैलपाक केला असता तरी सुया तशाच राहिल्या असत्या. हे तेल कोणाच्याही डोक्याला, तोंडाला लावायचं नाही. डोळ्यात गेलं तर प्रकरण वाढेल. तुम्ही कोणाला लावून पाहिलंय का?

समुद्रकाठची_सून, ८.४०
स्वतःच्या मानेला लावलं होतं थोडं. तिथे गांधी उठल्यात. मला वाटलं घामोळं.

आजीचा_बटवा, ८.४३
अगं बाई! आणि तू कापूर टाकू का विचारतेस?

निवांत_देवगड, ८.४७
कोकमाचं आगळ लावा. अळूला लावतो तसंच. खाज थांबते.

रसायनवाला, ८.५१
अळवाची भाजी वेगळी, आधीच सोललेली मान वेगळी. आंबट लावलंत तर आग आग होईल. साबण आणि भरपूर पाणी, खाजवायचं नाही, कपडे वेगळे धुवायचे. दोन दिवसांत उतरलं नाही किंवा सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवा, आणि घायपात होतं हे आधी सांगा, नाहीतर ते नायट्याचं मलम देतील.

निवांत_देवगड, ८.५५
आमच्याकडे सगळे लावतात.

आजीचा_बटवा, ९.०२
लावू दे त्यांना. सूनबाई, खरी कोरफड कुंडीतसुद्धा येते. पान गुबगुबीत, कडेला बारीक मऊ काटे, टोकाला दाभण नाही. मोडलं की आधी पिवळा चीक आणि मग काचेसारखा गर. जीभ लावली तर कडू जहर. शेजारी मागून बघ, एखादं पिल्लू कोणीही देतं. नणंद आली की ताजा गर काढून तिच्या टाळूला अर्धा तास लाव आणि धू. भाचीला आधी कानामागे लावून एक दिवस बघ. तेल हवंच म्हणाली तर साधं खोबरेल दे. (रसायनवाले, जिंकलात म्हणून उड्या मारू नका. माक्याच्या तेलाचं आपलं बोलणं राहिलंय.)

मी_पामर, ९.१०
पण गळणाऱ्या केसांचं कारण काय? बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी गळतात, आजारपणानंतर गळतात, रक्त कमी असलं तरी गळतात. तेव्हा तेल लावून काय उपयोग? नणंदेने रक्त तपासलंय का?

समुद्रकाठची_सून, ९.१८
जानेवारीत डेंग्यू झाला होता तिला.

मी_पामर, ९.२०
हे आता सांगताय!

समुद्रकाठची_सून, ९.४५
सासूबाई आल्या. बरणी बघून त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, "घायपात कोणी कापलं?" आता बरणीवर चिठ्ठी लावून पडवीत ठेवलीय. दोन लिटर तेल ओतून द्यायला त्यांचा जीव होत नाही. त्या विचारतायत की देवाला नको, पण तुळशीपुढच्या दिव्याला चालेल का?

घाणावाला, ९.५०
पाणी किती आहे त्यात, ते अजून सांगितलं नाहीत तुम्ही. वात तडतडली तर तेल अंगावर उडेल.

वेंगुर्लेकार, ९.५२
आणि तुळशीन काय केलानी तुमचा?