सॉफ्टनरमध्ये मीठ टाकल्यावर बोअरच्या पाण्यातले क्षार कमी कसे होतात?

मोसंबीवाला_अंबड

नमस्कार मंडळी. अंबड तालुक्यात शेतातच घर आहे आणि बोअरचं पाणी लई जड आहे. प्रयोगशाळेचा रिपोर्ट असा: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९००, कठीणपणा ६००, अल्कता ३५०, क्लोराइड २४८, सोडियम ९२ (सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर), ईसी (विद्युतवाहकता) १.५ डेसीसायमन प्रति मीटर. साबणाला फेस येत नाही, हिटरच्या सळईवर पांढरा थर बसतो, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. दुकानदार म्हणतो २५ लिटर रेझिनचा सॉफ्टनर बसवा आणि आठवड्यातून एकदा मीठ टाका. क्षार काढायचे म्हणून वरून मीठच घालायचं, हे काही पटेना. घालायचंच तर कोणतं, घरातलं आयोडीनचं की खडे मीठ? आणि ते पाणी मोसंबीला दिलं तर चालेल का? घरात रोज हजारेक लिटर पाणी लागतं.

रसायन_नांदेड

दादा, आकडे दिलेत ते बरं झालं, नेमकं बोलता येतं.

आम्ल आणि आम्लारी एकमेकांना उदासीन करतात तेव्हा पाण्याबरोबर जे तयार होतं त्याला रसायनशास्त्रात क्षार म्हणतात. जेवणातलं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हा त्यातला एक. तुरटी, खायचा सोडा, नवसागर, जिप्सम, शेतात टाकता ते पोटॅश, हे सगळे क्षारच. (युरिया मात्र क्षार नाही, त्यात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, नसतात.) पाण्यात विरघळला की क्षाराचे आयन सुटे होतात, त्यामुळे तुम्हाला त्रास कोण देतंय ते आयन बघून ठरवायचं.

तुमच्याकडे त्रास कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा आहे. ते साबणाला धरून न विरघळणारा साका करतात, म्हणून फेस येत नाही. पाणी तापवलं की कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, सळईवर बसते. तुमच्या ६०० पैकी अल्कतेएवढा, म्हणजे ३५०, कठीणपणा असा उकळल्यावर खाली बसणारा आहे. उरलेला २५० सल्फेट-क्लोराइडचा, तो उकळून जात नाही. सोडियमचे क्षार साबणाला अडवत नाहीत आणि थरही करत नाहीत. मीठ १०० मिलि पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं, पाणी गार असो की गरम, फारसा फरक पडत नाही.

रेझिन म्हणजे सॉफ्टनरच्या टाकीत भरलेले प्लास्टिकसारखे बारीक मणी. त्यांच्यावर ऋणभार असतो आणि त्यावर सोडियम बसवलेलं असतं. कॅल्शियमवर दोन धनभार, त्यामुळे मणी त्याला जास्त घट्ट धरतात आणि दोन सोडियम सोडून देतात. सगळे मणी कॅल्शियमने भरले की वरून मिठाचं दाट पाणी सोडायचं. तिथे सोडियमची संख्या इतकी जास्त असते की कॅल्शियमला जागा सोडावी लागते. म्हणजे मीठ तुमच्या पाण्यात टाकायचं नसतं, रेझिन पुन्हा कामाला लावायला वापरायचं असतं. यात टीडीएस कमी होत नाही, उलट जरा वाढतो: ४० ग्रॅम कॅल्शियम गेलं की ४६ ग्रॅम सोडियम येतं.

जलशुद्धी_लातूर

वरचं उत्तर बरोबर आहे. आता हिशेब बघा. चांगलं रेझिन लिटरमागे साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरतं. २५ लिटरचे १,२५० ग्रॅम झाले. तुमच्या एका लिटरमध्ये ०.६ ग्रॅम, म्हणजे २,१०० लिटरच्या आसपास पाणी निघालं की रेझिन संपलं. हजार लिटर रोज वापरलंत तर दोन दिवसांतच. आठवड्याला एकदा मीठ टाकणारे म्हणतात की सॉफ्टनर असूनही पांढरं येतंय, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. माझा सल्ला: अंघोळ, कपडे आणि हिटर एवढ्याचीच लाइन सॉफ्टनरवर घ्या. ३०० लिटर रोज धरलं तर आठवडा बरोबर निघतो. भांडी, संडास, गुरं, झाडं यांना बोअरचं पाणी थेट राहू द्या.

रेझिनच्या लिटरमागे १५० ग्रॅम मीठ धरा, म्हणजे एका वेळी ४ किलोला जरा कमी. आधी ८-१० मिनिटं उलटं पाणी सोडून (बॅकवॉश) गाळ काढा. मग ४ किलो मीठ ३६ लिटर पाण्यात विरघळवून ते १० टक्क्यांचं द्रावण सावकाश, २० ते ३० मिनिटं, रेझिनमधून जाऊ द्या. घाई केली तर मिठाला अदलाबदल करायला वेळच मिळत नाही. बरेच जण मीठ तेवढंच टाकतात पण पाणी तिप्पट घेतात. द्रावण पातळ झालं की मणी कॅल्शियम सोडत नाहीत आणि मीठ वाया जातं. शेवटी साध्या पाण्याने खारट चव जाईपर्यंत धुवा आणि कठीणपणाच्या किटने तपासा. ५० च्या खाली आलं की लाइन सुरू करा.

मीठ खडे घ्या. आयोडीनने रेझिनचं काही बिघडत नाही, पण दाणेदार पाकीटबंद मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले न विरघळणारे कण टाकीच्या तळाशी साचतात. खड्या मिठात माती असते, म्हणून रात्री भिजवून सकाळी वरचं नितळ पाणी कापडातून गाळून घ्या. बोअरला लालसर पाणी येत असेल तर आधी लोहाचा फिल्टर लावा. मण्यांवर गंज बसला की मिठाने निघत नाही.

धुतल्यावर निघणारं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नका, फिरून तेच पाण्यात येईल. प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात घ्या आणि उन्हात आटू द्या.

प्यायला हे पाणी तसंच नको. सोडियम ९२ वरून ३७० च्या जवळ जाईल. तीन लिटर प्यायलात तर पाण्यातूनच जवळपास २.८ ग्रॅम मिठाएवढं सोडियम पोटात जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर हे टाळाच. प्यायचा आरओ वेगळा ठेवा.

काळी_माती_परभणी

मोसंबीला सॉफ्टनरचं पाणी अजिबात देऊ नका.

काळ्या मातीचे चिकण कणही ऋणभाराचे असतात आणि रेझिनसारखीच अदलाबदल करतात. कॅल्शियम धरलेले कण रवाळ राहतात, सोडियम बसलं की सुटे होऊन छिद्रं बुजवतात. मग पाणी वर तुंबतं, वाळलं की ढेकूळ दगडासारखं होतं. हीच चोपण जमीन: सामू (पीएच) ८.५ च्या वर, विनिमयक्षम (मातीच्या कणांनी धरलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर.

तुमच्या बोअरचं पाणी या बाबतीत चांगलं आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचं गुणोत्तर (एसएआर) सुमारे १.६ येतं, १० पर्यंत चालतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेटपेक्षा जास्त असल्याने त्या बाजूनेही धोका नाही. तेच पाणी सॉफ्टनरमधून काढलं की एसएआर ३० च्या पुढे जाईल. घरात त्रास देणारं कॅल्शियम शेतात तुमच्या कामाचं आहे.

तरी ईसी १.५ आणि हे क्लोराइड मोसंबीला जरा जास्तच आहे. लिंबूवर्गीय झाडं क्लोराइडला नाजूक, पानांची टोकं आणि कडा करपतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, ते बंद करून सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. अधूनमधून गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी देऊन मुळाजवळचे क्षार खाली ढकला, पण निचरा असेल तरच.

एक गोष्ट नीट समजून घ्या. शेतात पांढरा थर फुटला की लोक सरळ जिप्सम ओततात. जमीन नुसती क्षारयुक्त असेल (ईसी ४ च्या वर, सोडियम कमी) तर जिप्सम हा आणखी एक क्षारच टाकल्यासारखं होतं. तिथे चर काढून गोड्या पाण्याने धुणं हाच इलाज. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे: त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं आणि सुटलेलं सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निघून जावं लागतं. मातीत चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते चुनखडीतलं कॅल्शियम मोकळं करतं. १ किलो गंधकाचं काम ५.४ किलो जिप्समएवढं, पण वेळ लागतो. ०-३० आणि ३०-६० सेंमी असे दोन थरांचे नमुने काढून माती परीक्षण करा, जिप्समची मात्रा त्यावरूनच ठरते.

वरणभाकरी

डाळीचं राहिलंच. डाळीच्या पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियम धरून घट्ट होतं, म्हणून जड पाण्यात ती फुटत नाही. सोपा उपाय: पाणी दहा मिनिटं उकळा, निवू द्या, तळाचा पांढरा साका न हलवता वरचं पाणी डाळीला घ्या. निम्म्याहून जास्त कठीणपणा तिथेच गेला. हरभरे किंवा राजमा असेल तर लिटरभर पाण्यात दोन सपाट चमचे मीठ (१० ग्रॅम) घालून ८-१० तास भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि साध्या पाण्यात शिजवा. सालीतलं कॅल्शियम सोडियमने हटतं, तीच वरची अदलाबदल. चिमूटभर खायच्या सोड्यानेही काम होतं, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चव साबणासारखी लागते, म्हणून रोज नको. चिंच, कैरी, टोमॅटो मात्र डाळ शिजल्यावरच. आंबटात पेक्टिन सुटत नाही.

मोसंबीवाला_अंबड

सगळ्यांचे आभार. लाइन वेगळी करून घेतो. अजून दोन गोष्टी सांगा: टाकीत तुरटी फिरवली तर कठीणपणा कमी होईल का? आणि सळईवरचा जुना थर कसा काढावा?

रसायन_नांदेड

तुरटीने गढूळपणा खाली बसतो. टँकरच्या किंवा ओढ्याच्या पाण्याला तिचा उपयोग आहे, विरघळलेल्या क्षारांना ती हात लावत नाही.

सळईसाठी: प्लग काढा, सळई पूर्ण गार होऊ द्या. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) विरघळवून सळईचा फक्त थर बसलेला भाग तासभर बुडवा. बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले तरी थर उरला असेल तर नवीन द्रावण घ्या, आहे त्यातच लिंबूसत्त्व वाढवत बसू नका, नाहीतर कॅल्शियम सायट्रेटचा नवा पांढरा साका चिकटतो. संडासाचं ॲसिड सळईला लावू नका, त्याने धातूचं आवरण खाऊन टाकतं आणि सळईत भोक पडलं तर पाण्यात करंट उतरतो.