तुमच्या स्की-डोंगराचा कारभार कसा चालतो? – अनुभव धागा

एकाच डोंगरावर वर्षानुवर्षं स्की करणाऱ्याला तिथला कारभार पाठ असतो. पाहुणा चार दिवस येतो, बर्फ बरा मिळाला की खूश होऊन जातो. आपल्याला मात्र वाऱ्यात कुठली लिफ्ट (दोरावरच्या खुर्च्यांतून माणसांना वर नेणारी) आधी बंद पडते, कुठला उतार दुपारनंतर टणक होतो, कोण सोडून गेल्यावर काय बिघडलं, हे सगळं माहीत असतं. त्याबद्दल लिहिण्यासाठी हा धागा. रिसॉर्टचं नाव नको, म्हणजे मोकळेपणानं लिहिता येईल. आणि चांगलं असेल तर तेही जरूर लिहा.

सुरुवात मीच करते. बर्फ कमी पडला म्हणून मी कधीच कोणावर चिडले नाही. चिडते ती सकाळच्या अहवालावर. 'वरची लिफ्ट लवकरच सुरू होईल' असं वाचून आपण निघतो, रांगेत उभे राहतो, आणि ती दिवसभर हलत नाही. वारा कोणाच्या हातात नसतो. खुर्च्या झुलायला लागल्या, दोर चाकांवरून सरकण्याचा धोका दिसला की लिफ्ट थांबवलीच पाहिजे. पण सकाळी सहालाच वाऱ्याचा अंदाज हाती असताना 'आज वरचा भाग बहुधा बंद राहील' एवढं लिहायला काय हरकत आहे? आमच्याकडे मध्यंतरी बर्फ मोजण्याच्या पट्टीवर कॅमेरा बसवला. रात्रीत किती पडला ते आता घरबसल्या दिसतं. त्या एका कॅमेऱ्यानं जेवढा विश्वास परत मिळवला, तेवढा कुठल्याही जाहिरातीनं मिळवला नसता.

हिमरेषा

माझं दुखणं पासचं आहे, आणि ते सरळ नाही. अमेरिकेत २००८ मध्ये एपिक नावाचा हंगामभराचा पास आला, २०१८-१९ च्या हंगामापासून आयकॉन. एका पासवर अनेक डोंगर, तेही पूर्वीच्या एका डोंगराच्या पासपेक्षा स्वस्तात. मी घेते, मला परवडतो, हे नाकारणार नाही. पण हा पास विकला जातो बर्फ पडायच्या कितीतरी आधी. म्हणजे कंपनीचे पैसे हंगामाआधीच जमा होतात, आणि हिवाळा कोरडा गेला तर झळ आपल्याला बसते. अशा वेळी 'आम्ही यंदा काय करतो आहोत' हे सांगण्याची त्यांची जबाबदारी वाढते की कमी होते? आमच्याकडे उलट झालं. पूर्वी व्यवस्थापक खालच्या स्टेशनवर भेटायचा, आता तक्रार एका अर्जात भरायची आणि तो अर्ज दुसऱ्याच राज्यात वाचला जातो.

शिवाय पास नसलेल्याला खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट इतकं महाग झालंय की नव्या माणसाला 'चल, एकदा करून बघ' म्हणायची सोय उरलेली नाही. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

वरचं_स्टेशन

मी काही हंगाम लिफ्टवर काम केलं आहे, त्यामुळे दोन्ही बाजू सांगते.

सगळ्यांना वाटतं नवी वेगवान लिफ्ट आली की रांग संपली. तसं नसतं. जुन्या लिफ्टमध्ये खुर्ची दोराला कायमची जखडलेली असते, ती सेकंदाला साधारण अडीच मीटर जाते. नवीमध्ये स्टेशनात खुर्ची दोरापासून सुटते, सावकाश फिरते, माणूस निवांत बसतो आणि मग ती पुन्हा दोर पकडून सेकंदाला पाच मीटरनं पळते. प्रवास निम्म्या वेळात होतो. पण खुर्च्यांमधलं अंतरही वाढवलेलं असतं, त्यामुळे तासाला वर जाणारी माणसं बऱ्याचदा जवळपास तेवढीच राहतात. रांग कमी होते ती खुर्च्या भरून सोडल्या तर. चारच्या खुर्चीवर दोघंच जात असतील तर निम्मी लिफ्ट रिकामी चालली आहे. एकट्यांची वेगळी रांग लावणारा, माणसं जुळवून देणारा कर्मचारी तिथे हवा. आमच्याकडे खर्च वाचवायला नेमका तोच काढला.

आणि दुसरं. तुम्हाला जी लिफ्ट 'तांत्रिक कारणामुळे बंद' दिसते, ती पुष्कळदा ठणठणीत असते. चालवायला माणूस नसतो. डोंगराजवळ राहायला जागा नाही, पगारात भाडं निघत नाही, मग अनुभवी माणसं एकेक करून जातात. लहान मूल येताना दिसलं की न सांगता खुर्ची हळू करणारा हात तयार व्हायला वेळ लागतो. स्कीअर लिफ्टवाल्यावर ओरडतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. निर्णय त्याचा नसतो, थंडीत उभा मात्र तो असतो.

तिरकी_वाट

+१. अमेरिकेत युटातल्या पार्क सिटी रिसॉर्टमध्ये २७ डिसेंबर २०२४ पासून ८ जानेवारी २०२५ पर्यंत गस्तीपथकाचा (उतारांची सुरक्षा बघणाऱ्या स्की पेट्रोलचा) संप झाला, तेव्हा हे सगळ्यांनाच दिसलं. ऐन सुट्टीच्या गर्दीत डोंगराचा मोठा भाग उघडताच आला नाही, कारण हिमस्खलनाचा धोका तपासून, गरज पडेल तिथे स्फोट करून बर्फ पाडल्याशिवाय वरचे उतार खुले करता येत नाहीत. संप मिटला तेव्हा सुरुवातीचा पगार तासाला २१ डॉलरवरून २३ झाला. दोन डॉलर!

बैठी_स्की

मी बसून स्की करतो, पाय चालत नाहीत. आमच्या डोंगराबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचं आहे. दर हंगामाच्या सुरुवातीला नव्या लिफ्ट कर्मचाऱ्यांना बैठी स्की खुर्चीवर कशी चढवायची हे शिकवतात, आणि शिकवायला आमच्यापैकीच कोणाला तरी बोलावतात. कोणी न विचारता पाठीमागून धरत नाही. आधी विचारतात, 'वेग कमी करू की थांबवू?' त्या एका प्रश्नामुळे मी इतकी वर्षं हा डोंगर सोडलेला नाही.

पार्किंगचं मात्र बघायला हवं. लिफ्टजवळच्या आमच्या राखीव जागांना लागूनच जास्त पैसे देणाऱ्यांची पार्किंग केली आहे, आणि गर्दीच्या दिवशी ती सीमारेषा कोणी पाळत नाही. तक्रार केली की 'लक्ष घालतो' असं उत्तर येतं.

पहिला_उतार

मुलं शिकतात तो सरकता पट्टा आमच्याकडे अर्धा दिवस बंद असतो. तेवढंच लिहायचं होतं. मोठ्यांच्या लिफ्टसाठी दुरुस्तीवाले धावतात, पट्ट्यासाठी नाही.

थंड_रात्र

थोडी व्यवस्थापनाची बाजूही घेतो. 'डिसेंबर आला तरी एकच उतार उघडा, हे लोक करतात काय' असं इथे अनेकांना वाटत असेल. कृत्रिम बर्फासाठी नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते. दोन्ही मिळून जे ओलं तापमान येतं ते उणे दोनच्या आसपास किंवा त्याखाली गेलं तरच स्नो गन, म्हणजे बर्फ फवारणारी यंत्रं, नीट चालतात. हवेचा पारा शून्यावर असला तरी हवा पुरेशी कोरडी असेल तर बर्फ बनतो, आणि उणे एकला दमट हवेत बनत नाही. अशा रात्री मोजक्याच मिळतात, पाणी आणि वीज प्रचंड लागते. मग सगळ्या गन एकाच उतारावर लावून जाड थर करणं हाच शहाणपणा. पाच उतारांवर पातळ बर्फ टाकला तर एका पावसात पाचही जातील.

पण हे मला कसं कळलं? रात्रपाळीच्या एका माणसानं लिफ्टवर शेजारी बसून समजावलं म्हणून. रिसॉर्टनं कधीच सांगितलं नाही. धागाकर्तीचा मुद्दा मला इथेच पटतो.

एकच_खुर्ची

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या मॅड रिव्हर ग्लेन या स्की-डोंगराचं उदाहरण द्यावंसं वाटतं. १९९५ मध्ये तिथल्या स्कीअरांनी सहकारी संस्था काढून डोंगरच विकत घेतला. तिथे १९४८ ची, एका माणसाला एकच खुर्ची असलेली लिफ्ट होती. ती जीर्ण झाली तेव्हा दोघांच्या खुर्चीची नवी लिफ्ट बसवता आली असती. सभासदांनी जुनीच नव्यानं उभारली, २००७ मध्ये. कमी माणसं वर जातात, म्हणून उतारावर गर्दी कमी राहते आणि बर्फ जास्त टिकतो, असा त्यामागचा विचार.

सगळे डोंगर असे विकत घेता येणार नाहीत, ते समजतं. आम्ही एवढंच मागितलं होतं की हंगाम संपल्यावर एक खुली बैठक घ्या. दोन वर्षं पाठपुरावा केल्यावर मिळाली. त्यात कोणीतरी विचारलं, नव्या बर्फाच्या दिवशी वरच्या उतारांकडे जाणारं दार कधी उघडणार हे फक्त रांगेत पुढे असलेल्यांनाच का कळतं? गस्तीपथकाच्या प्रमुखानं तिथेच मान्य केलं. आता खालच्या स्टेशनवर फळा आहे, आणि तपासणी कुठपर्यंत आली ते दर अर्ध्या तासानं त्यावर खडूनं लिहितात.

हिमरेषा

@एकच_खुर्ची, बैठकीसाठी अर्ज कोणाकडे केला होता? व्यवस्थापनाकडे की जमीन ज्यांची आहे त्या वनखात्याकडे? आमच्याकडे डोंगर भाडेपट्ट्यावर आहे, म्हणून विचारते. मसुदा असेल तर इथेच टाका, आम्हीही पाठवू.