सांगलीचा पूर म्हणजे फक्त अलमट्टी नाही
सांगलीला पूर येतो तो अलमट्टीमुळेच, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाच्या अडवलेल्या पाण्यामुळेच, असं जे म्हटलं जातं ते मला तरी अर्धवट वाटतं. म्हणजे अलमट्टीचा काहीच संबंध नाही असं नाही म्हणत, पण २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५) तेव्हा कोयना, वारणा, पंचगंगा सगळ्या खोऱ्यांत पाऊस एकदमच कोसळत होता ना. आणि नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते तिथे कृष्णेला उतारच नाही फारसा, पाणी तुंबणारच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी कोल यांच्या टीमने २०१७ साली दाखवलं होतं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्यात, आणि त्याचं कारण अरबी समुद्राकडून येणारी जास्तीची वाफ.

जमिनीचं कोणी बोलतच नाही. काळी माती कोरडी असते तेव्हा भेगांतून पाणी पिते, पण एकदा फुगली की भेगा बंद, मग वरचं सगळं वाहूनच जातं. त्यात शिरोळकडे उसाला पाट सोडून सोडून जमिनी खारवट झाल्यात, निचरा संपलाय, पूर ओसरला तरी रानात आठवडाभर वाफसा (मशागत करता येईल इतपत ओल) येत नाही.